कड्यावरची वेल

मिस कुलिग हसल्या. नुसत्या ओठांनी नव्हे. मान मागे टाकून, खांदे हलवत, आतली सोन्याची दाढ दिसेपर्यंत हसल्या. आणि कुठे, तर गांजाच्या दुकानाच्या दारात. मी शाळेच्या स्वयंपाकघरातून सुटून घरी चालले होते, पाय आंबलेले, केसांना तळणाचा वास, आणि कालव्याच्या पुलावर येते तो समोर हे. त्यांच्या एका हातात दुकानाची कागदी पिशवी, दुसरा हात एका पोरीच्या कोपरात अडकवलेला. पोरगी तिशीची असेल, कानांत मोठाल्या रिंगा, अंगात दुकानाचा हिरवा टी-शर्ट. ती वाकून काहीतरी बोलली आणि त्या पुन्हा हसल्या. एकोणीस वर्षं मी या बाईबरोबर दर शनिवारी टेकडीवर घाम गाळलाय. एकोणीस वर्षांत मी त्यांना एकदाही असं हसवलं नाही. मला जमलं नाही म्हणा, किंवा त्यांना हसवायचंही असतं हे माझ्या टाळक्यातच आलं नाही म्हणा. मी पुलावरच थांबले. कठडा धरून खाली पाण्याकडे बघण्याचं सोंग केलं, आणि त्या पोरीच्या गाडीत बसून त्या निघून जाईपर्यंत मान वर केली नाही.

ती इमारत माझ्या चांगल्या ओळखीची. आमच्या होलिओक शहरात कालव्याकाठच्या सगळ्याच इमारती कधीकाळी कागदाच्या गिरण्या होत्या, आणि या गिरणीत माझ्या बाबांनी एकतीस वर्षं काढली. घरी यायचे ते ओल्या लगद्याचा आणि ब्लीचचा वास घेऊन. आई त्यांचे कपडे आमच्या कपड्यांत कधी भिजवायची नाही. मग गिरणी बंद पडली, काचा फुटल्या, कबुतरं झाली, आणि आता तिथे वरच्या मजल्यांवर दिव्यांखाली गांजा वाढतो आणि खाली दुकान आहे. रीतसर, परवान्याचं, काचेची कपाटं, दाराशी फुलझाडांच्या कुंड्या. माझा भाऊ रेमंड याच गांजापायी अकरा महिने तुरुंगात होता. शहाऐंशी साली त्याच्या गाडीत जेवढा सापडला तेवढा आज तिथे वाढदिवसाची भेट म्हणून बांधून देतात. राग यायला हे कारण उत्तम होतं. खानदानी कारण होतं. घरी आल्या आल्या मी रेमंडला फ्लोरिडाला फोन लावला आणि घडाघडा सगळं सांगितलं: दुकानवाले आता आमच्या जमिनी राखणाऱ्या संस्थेत शिरलेत, आमच्या टेकडीच्या पायथ्याचा पट्टा त्यांनीच पैसे देऊन सोडवलाय, त्यांचे नोकर आता टेकडीवर कामाला येणार म्हणे, तेही भरपगारी. पगार घेऊन समाजसेवा! तो ऐकून घेत होता आणि मध्येच फसकन हसला.

"म्हणजे गांजावाले झाडं वाचवतायत?"

"तसं म्हणतात."

"मग मलाही एक झाड द्या म्हणावं. माझ्या नावाची पाटी लावून. मी यांच्या आधीचा आहे, तीस-पस्तीस वर्षं आधीचा."

"तुला राग येत नाही, रे?"

"मला? डेल्फी, माझे गुडघे गेलेत, बायको रोज ओरडते, ट्रकचा एसी चालत नाही. राग ठेवू कुठे? तुझंच काहीतरी बिनसलंय. काय झालंय ते सांग."

मी म्हटलं, काही नाही, आणि ठेवून दिला. काय सांगणार? मिस कुलिग हसल्या म्हणून माझ्या पोटात दुखतंय, असं अठ्ठावन्न वर्षांच्या बाईनं कुणाला सांगायचं? त्या रात्री सूप गरम करून तसंच ठेवलं. त्यांच्या पिशवीत काय असेल याचा विचार करत राहिले. एक्याऐंशी वर्षांच्या, आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलेल्या, कधी बिअरचा घोटही न घेतलेल्या बाई. मला दहावीत त्यांनी नापास केलं होतं. बेडकाचं चित्र मी बघून न काढता शेजारच्या बाकावरच्या हुजेटच्या चित्रावर कागद ठेवून छापलं, ते त्यांनी नुसत्या रेषांवरून ओळखलं. ‘थिबो, तू बेडूक बघितलाच नाहीस,’ माझं आडनाव घेऊन एवढंच म्हणाल्या. पुढे नवरा गेला, म्हणजे मेला नाही, स्प्रिंगफील्डला दुसरीकडे राहायला गेला, आणि शनिवार खायला उठायला लागले, तेव्हा वाचनालयाच्या फळ्यावर चिठ्ठी दिसली: टेकडीवर वेली कापायला माणसं हवीत. गेले तर समोर मिस कुलिग. मला बघून म्हणाल्या, "आता तरी बघशील ना?" तेव्हापासून मी बघत आले. पानाची कड, खोडाची साल, कळीचं तोंड कुठे आहे ते. मला कुणी कधी काही नीट दाखवलं असेल तर त्यांनी. आई-बाबांना वेळ नव्हता आणि नवऱ्याला रस नव्हता.

शनिवारी टेकडीच्या पायथ्याशी सहाच्या सहा नेहमीची म्हातारी माणसं होती आणि वर हिरव्या टी-शर्टातली अकरा तरणीताठी. मिस कुलिग एका नव्या कोऱ्या घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. खुर्ची त्या पोरीनं आणलेली. एकोणीस वर्षं त्या ओंडक्यावर बसल्या आणि मला एकदाही खुर्ची सुचली नाही, हे तिथल्या तिथे मनाला लागलं. पोरगी हात पुसत धावत आली.

"अय्या, तुम्ही मिस डेल्फिन ना? शाळेच्या खाणावळीतल्या? मी येसेनिया. येसेनिया कोयासो. मला जास्तीचा पिझ्झा द्यायच्या तुम्ही! आईला सांगू नकोस म्हणायच्या."

मला आठवेना. दिवसाला चारशे ताटं वाढते मी. किती येसेनिया आल्या नि गेल्या. तरी मी म्हटलं, "हो हो, आठवतं की." आणि ती इतकी खूश झाली की मला तिचा आणखीच संताप आला. दोन तासांत तिनं सगळ्यांना नावानं ओळखायला सुरुवात केली. मिस कुलिगना ती ‘दोन्या स्टाशा’ म्हणत होती. त्यांच्या प्वेर्तो रिकन लोकांत वयस्क बाईला मानानं तसं म्हणतात, नावाआधी दोन्या लावून. मान तर मान, वर नावही! स्टाशा हे त्यांचं नाव माझ्या तोंडातून आजवर निघालेलं नाही. दहावीत होते तेव्हापासून मिस कुलिग ते मिस कुलिग. मला वाटलं, त्या आता चष्म्यावरून बघतील आणि म्हणतील, मुली, कुलिग म्हण. त्या म्हणाल्या, "पुन्हा म्हण बरं. माझी आई मेल्यापासून स्टाशा कुणी म्हणालंच नाही." हे मला कसं कळावं? त्यांनी कधी सांगितलं होतं का?

मग जेवणाची सुट्टी झाली. मी नेहमीसारखं अंड्याचं सँडविच काढलं, नेहमीसारखे दोन तुकडे केले, आणि अर्धं त्यांच्यापुढे धरलं. त्यांच्या मांडीवर आधीच कागदात गुंडाळलेला पास्तेलियो होता. येसेनियाच्या आईनं तळलेला, आत खिमा, करंजीसारखा कुरकुरीत. "ठेव गं, नंतर खाते," त्या म्हणाल्या. नंतर काही खाल्लं नाही. मी संध्याकाळी ते अर्धं सँडविच घरच्या बेसिनपाशी उभ्या उभ्या खाल्लं. पाव वातड झाला होता. दुकानातल्या त्या पिशवीत गुडघ्याला लावायचं मलम होतं, हेही मला त्याच दिवशी कळलं, गांजाच्या तेलाचं. "नशा-बिशा काही नाही," मिस कुलिग सगळ्यांना सांगत होत्या, "पण जिना उतरता येतो. मी कालपासून चार वेळा उगाचच उतरले." पुन्हा सगळे हसले. मीही हसले. माझ्याजवळ त्यांनी गुडघ्याची तक्रार कधी केली नव्हती. मी विचारलंही नव्हतं म्हणा. मला वाटायचं, आमचं नातं गुडघ्यांच्या पलीकडचं आहे.

खोटं कशाला बोलू, दुकानानं टेकडीचं भलंच केलं. पायथ्याच्या त्या पट्ट्यावर एक बिल्डर डोळा ठेवून होता. आम्ही दोन वर्षं चर्चच्या तळघरात केक विकले, जुनी पुस्तकं विकली, आणि त्या पैशातून फाटकसुद्धा आलं नसतं. दुकानानं एका हिवाळ्यात पट्टा घेऊन संस्थेच्या नावावर करून दिला, आता त्यावर कुणाला कधी वीट ठेवता येणार नाही. मला आनंद व्हायला हवा होता. पायथ्याशी मोठी पाटी लागली तेव्हा मी तिच्यावर दुकानाचं नाव वाचलं, मग खाली बारीक अक्षरांत ‘स्वयंसेवक’ एवढा एकच शब्द वाचला, आणि त्या शब्दात मी किती मावते याचा हिशेब करत वर चढले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, असं त्या वाटेवर स्वतःशी मोठ्यानं म्हटल्याचं आठवतं. एक कुत्रा फिरवणारा माणूस वळून बघत होता.

पण खरी गोष्ट पाटीची नव्हती. आमच्या संस्थेत प्रत्येक जमिनीला एक राखणदार असतो. हद्दीचे दगड वर्षातून एकदा चालत जाऊन तपासायचे ते त्यानं, काय कापायचं नि काय ठेवायचं ते ठरवायचं त्यानं. या टेकडीच्या राखणदार मिस कुलिग. त्यांना आता चढवत नाही, आणि डोळ्यांतलं मधलं दिसत नाही. कडेकडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसून जातं. जूनच्या पहिल्या शनिवारी त्या राखण दुसऱ्या कुणाकडे देणार होत्या. आता हे ‘कुणाकडे’ म्हणजे माझ्याकडे, यात गेली पाच वर्षं मला शंका नव्हती. दुसरं होतं कोण? बाकीचे पाच जण कॉफी प्यायला यायचे. मला दुसरं काही नको होतं. घर भाड्याचं, नोकरी शाळेची, नवरा स्प्रिंगफील्डचा. ही एक टेकडी तेवढी माझी होईल असं वाटत होतं. आणि मग मे महिन्यात त्यांनी कामं वाटली.

आमच्या टेकडीचा शत्रू म्हणजे कडूगोड वेल. परदेशी जात, शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी नारिंगी फळं छान दिसतात म्हणून बागेत लावली, आणि ती आता झाडांना पिळे घालून उभ्या उभ्या मारते. ती कापायची, आणि कापल्या कापल्या बुंध्यावर निळं औषध लावायचं, नाहीतर दुपटीनं फुटते. औषध लावलं की मूळ मरतं. पण हिची एक इथली बहीण आहे, अगदी तिच्यासारखीच, कुणाला न छळणारी, आणि ती आता जवळजवळ संपली आहे. आमच्या टेकडीवर एकच उरली आहे, कड्याच्या काठावर, खडकाला टेकून. परदेशीला पानापानाच्या बेचक्यात फुलं येतात. इथलीला फक्त शेंड्याला. फुलं नसताना भल्याभल्यांना ओळखता येत नाही. मिस कुलिगनी ती मला पहिल्याच वर्षी दाखवली होती, तोंडावर बोट ठेवून, कारण कळलं तर लोक फळांसाठी ओरबाडतात. म्हणून आमचा नियम कडक: कापायच्या वेलीला गुलाबी रिबन बांधायची, रिबन नसेल तिला हात लावायचा नाही. आणि बांधणारा एक, बघणारा दुसरा. बांधणाऱ्यानं महिनाभरात बांधत जायचं, आणि कापायच्या आदल्या संध्याकाळी दुसऱ्यानं एकट्यानं फिरून प्रत्येक रिबन बघायची, चुकीची असेल ती सोडायची. सुरुवातीची वर्षं त्या बांधायच्या, मी बघायची. त्यांना चढवेनासं झाल्यापासून मी बांधत होते आणि बघतही होते. या वर्षी त्या म्हणाल्या, "येसेनिया, तू बांध. डेल्फिन, तू बघ."

म्हणजे मला खाली उतरवलं. मी एकोणीस वर्षांनी पुन्हा पहिल्या इयत्तेत, आणि रिबनचा गुंडा कालच्या पोरीच्या हातात! मी ‘बरं’ म्हटलं. मी नेहमी ‘बरं’च म्हणते, शाळेतही, घरीही, म्हणूनच तर सगळे सोकावतात. त्या पुढे म्हणाल्या, "आणि आपली कड्यावरची ती हिला दाखवून ठेव." मी त्यालाही ‘बरं’ म्हटलं. नाही दाखवली. एका शनिवारी पाऊस होता. दुसऱ्या शनिवारी मीच तिला खालच्या बाजूला कामाला लावलं. तिसऱ्या वेळी तिनं स्वतःहून विचारलं, "मिस डेल्फिन, ती खास वेल दाखवणार होतात ना?" मी म्हटलं, "दाखवते गं, कुठे पळून जातेय?" काय चाललं होतं माझ्या मनात? एवढंच, की हसणं नेलंस, नाव नेलंस, सँडविचची जागा नेलीस, रिबन नेल्यास. एक वेल राहू दे. त्यांनी तोंडावर बोट ठेवून जे मला एकटीला दाखवलं, ते मी तुला का दाखवू? पोरगी बिचारी वहीत पानांची चित्रं काढत होती. छापून नव्हे, बघून. चांगली काढत होती, तेही मला दिसत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी मी बघायला गेले. साडेसहा-सात, जूनचा पहिला आठवडा, लख्ख ऊन. खालपासून एकेक रिबन बघत चढले, आणि खरं सांगते, मनातून एका तरी चुकीची वाट बघत होते. एक नाही. द्राक्षाची रानवेल तिनं बरोबर सोडली होती, विषारी आयव्हीला बरोबर टाळलं होतं. मग कड्यावर आले. खडकाला टेकून ती उभी होती, मनगटाएवढी जाड, शेंड्याशेंड्याला फुलांचे हिरवट तुरे, आणि खोडाला गुलाबी रिबन. नीट, दुहेरी गाठ मारलेली, फुलं यायच्या आधीच बांधलेली असणार.

मला हर्ष झाला. दुसरा शब्द नाही त्याला. तिथे खडकावर बसले आणि चक्क हसू आलं. चुकली! मग हळूहळू मनात एक चित्र तयार झालं: उद्या सगळे वर येतील, कात्र्या निघतील, येसेनिया या वेलीपाशी वाकेल, आणि मी म्हणेन, थांबा. मोठ्यानं नाही, शांतपणे. ही कुठली वेल आहे कुणाला ठाऊक आहे? आणि मिस कुलिगना कळेल की रिबन कुणाला दिली होती नि द्यायला कुणाला हवी होती. वेलीला धक्का लागणार नव्हता. मी थांबवणारच होते, देवाशपथ. फक्त सगळ्यांसमोर थांबवायचं होतं. गाठ सोडायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी रिबनला हात लावला, ती सरळ केली, आणि खाली उतरले. जेवले पोटभर.

सकाळी पायथ्याशी येते तर मिस कुलिग खुर्चीत आणि खुर्चीच्या चारी कोपऱ्यांना चार हिरवे टी-शर्ट. त्यांना उचलून वर नेणार होते! तीन वर्षांनी त्या कड्यावर जाणार होत्या. "लग्नाच्या वरातीत मिरवले नाही, ते आता मिरवते," त्या म्हणाल्या, आणि वाटभर पोरांना चिडवत राहिल्या: "अरे, डाव्या बाजूचा दमला वाटतं! बटाटे खात नाहीस का?" वर जाईपर्यंत माझ्या मनातलं ते चित्र जरा विस्कटलं होतं. त्या तिथे बसलेल्या असतील असं मी धरलं नव्हतं. मला वाटलं होतं, खाली गेल्यावर कुणीतरी त्यांना सांगेल. खुर्ची ठेवली ती खडकापाशी, सावली बघून, वेलीपासून दोन हातांवर. त्या दुसऱ्या बाजूनं वर आल्या होत्या, समोरचं पुसलेलं. कुठे बसवलंय हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

मग त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. घसा साफ केला, वर्गात करायच्या तसा.

"मी भाषण करणार नाही. राखण आज दुसऱ्याकडे द्यायची आहे. येसेनियाला मी या वर्षी रिबन दिल्या, कारण तिला बांधून शिकायचं होतं. बांधायला कुणालाही शिकवता येतं. तीही शिकली, भराभर शिकली. पण टेकडी असते ती बघणाऱ्यावर. बघणारा एकटा जातो, त्याला कुणी विचारत नाही, तो जे म्हणेल ते खरं. मला दिसेनासं झालं तेव्हा मी विचार केला, माझ्या डोळ्यांच्या जागी कोण? म्हणून बघणं मी डेल्फिनकडे ठेवलं. टेकडीही तिच्याकडेच."

टाळ्या वाजल्या. सगळ्यांत जोरात येसेनियाच्या. ती उड्या मारत होती, रिंगा हलत होत्या. मला ऐकू येत होतं आणि कळत नव्हतं, आणि मग एकदम कळलं. मला खाली उतरवलंच नव्हतं. महिनाभर मी जिच्यावर जळत होते तिच्या हातात काहीच नव्हतं, जे होतं ते सगळं माझ्या हातात होतं. आणि त्याच क्षणी मला त्या डेल्फिनचाही हेवा वाटला, जिच्याबद्दल त्या बोलत होत्या. एकटी जाते, बघते, खरं सांगते. किती भाग्याची बाई. मी तिला ओळखत नव्हते.

"आता पहिली वेल मी कापते," मिस कुलिग म्हणाल्या. "माझी शेवटची. द्या कात्री."

येसेनियानं लांब दांड्याची कात्री त्यांच्या हातात दिली आणि कात्रीचं तोंड धरून जवळच्या गुलाबी रिबनपाशी नेलं. दोन हातांवर तीच होती. आता म्हणायचं होतं थांबा. आता. पण आता थांबा म्हणणं म्हणजे, काल मी बघितली आणि सोडली नाही, हे म्हणणं होतं. मिस कुलिगनी कात्री मांडीवर ठेवून एक पान अंगठ्यानं चाचपलं. कपाळाला आठी पडली.

"इथे कुठेतरी आपली ती आहे ना, डेल्फिन?"

मी खाली रिबनकडे बघत राहिले.

"काल सगळं बघितलंस ना तू?"

"हो," मी म्हटलं.

"मग झालं," त्या म्हणाल्या, आणि दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून, दांडे मिटले. खाट्कन आवाज झाला. वरची वेल जागच्या जागी जराशी बसली. पोरांनी हुर्रे केलं. येसेनिया खिशातून निळ्या औषधाची बाटली काढून गुडघ्यांवर बसली, टोपण फिरवलं, आणि ओल्या बुंध्याकडे हात नेला. औषध लागलं की संपलं. मूळ मरणार. मग कुणाला काही कळणार नाही. टेकडी माझी, शनिवार माझे, त्या तशाच हसत राहतील, अर्धं सँडविचही कधीतरी खातील. एवढं सगळं मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. हवंसं वाटलं, हेही सांगते.

"थांब," मी ओरडले. "लावू नकोस! हात मागे घे!"

ती दचकली. बाटली हातातून सुटून पालापाचोळ्यात पडली, आणि निळं पाणी बुंध्यापासून वीतभर अंतरावर सांडलं. मी पुढे होऊन पायानं ती माती दूर ढकलत राहिले. "ही ती आहे," मी म्हणत होते. "हीच ती. इथली. शेंड्याला फुलं आहेत बघा. फुटेल ती परत, मूळ जिवंत आहे, औषध नका लावू."

येसेनियानं कापलेल्या वेलीचा एक शेंडा हातात घेतला, त्यावरचा तुरा बघितला, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "मी बांधली होती," ती म्हणाली. "दोन्या स्टाशा, रिबन मी बांधली होती. माझी चूक आहे. सगळी माझी." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. काल खडकावर बसून मी जे मागितलं होतं ते हेच, असंच, सगळ्यांसमोर, आणि मला ते बघवेना.

मिस कुलिगनी तिच्याकडे चेहराही वळवला नाही. त्यांनी मान थोडी तिरकी केली. मी त्यांना कडेनं दिसावी म्हणून. त्या हल्ली तशाच बघतात.

"काल तू इथे आली होतीस?"

"हो."

"ही बघितलीस?"

"हो."

"रिबन होती?"

"हो."

"मग सोडली का नाहीस?"

"मला वाटलं तुम्ही तिलाच देणार."

"काय देणार?"

"सगळंच," मी म्हटलं.

त्यांचे हात अजून कात्रीवर होते. त्या काहीतरी बोलतील म्हणून मी वाट बघत होते, चिडतील, ‘थिबो’ म्हणतील, नापास करतील. मग त्यांनी कात्री खाली ठेवली आणि म्हणाल्या, "येसेनिया, मला घरी ने, बाळ." चार पोरांनी खुर्ची उचलली. वाटेत एकदाही त्यांचा विनोद ऐकू आला नाही.

येसेनिया क्षणभर मागे राहिली होती. तिनं सांडलेली बाटली उचलली, टोपण घट्ट लावलं, माझ्याजवळ आली, आणि आपला हात माझ्या कोपरावर ठेवला. तसाच, त्या दिवशी पुलावरून मिस कुलिगचा तिच्या कोपरात दिसला होता तसा.

"मिस डेल्फिन," ती हलक्या आवाजात म्हणाली, "मी सांगेन त्यांना, गोंधळून ‘हो’ म्हणालात तुम्ही. संध्याकाळ झाली होती, अंधारात तुम्हाला ती रिबन नीट दिसली नसेल. मी सांगितलं तर ऐकतात त्या माझं."

ऐकतात. ते मला ठाऊक होतंच. आताही तेच आधी झोंबलं. तिची माया नंतर कळली.

"नको," मी म्हटलं. "लख्ख उजेड होता."